शेवाळी गाडीचा रास्त भाव

आमच्या घरात कुणाला काही मोठं विकत घ्यायचं असलं, की तो पैशांच्या आधी वहिनीची जुळवाजुळव करतो. वहिनीला वेळ आहे का, तिचं शिवणाचं काम तुंबलंय का, तिचं डोकं तर दुखत नाही ना, एवढं विचारून झालं की मगच दुकान ठरतं. मी स्वतः घासाघीस करायला गेलो तर दुकानदाराला माझी कीव येते आणि तो मला बसायला खुर्ची देतो. भाव मात्र तसूभर खाली येत नाही. माझे कान लाल होतात, मानेला घाम फुटतो, आणि समोरचा मागेल ते देऊन मी पळ काढतो. वर घरी येऊन सांगतो, की दुकानदार फार सज्जन होता. हे सज्जन दुकानदार परवडेनासे झाल्यावर बायकोने मला एकट्याने बाजारात जायची बंदी केली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. ती पडदे शिवते. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे, कापड कापायचं लांब टेबल आहे आणि भिंतीवरच्या रॉडला नमुन्याचे पडदे टांगलेले आहेत. गिऱ्हाईक आलं की ती एकच भाव सांगते. कुणी "थोडं कमी करा की," म्हणालं, तर अगदी मनापासून विचारते, "काय कमी करू? अस्तर काढू, की चुण्या कमी घालू?" गिऱ्हाईक विचारात पडतं आणि बहुतेक वेळा सांगितलेल्या भावात पडदे घेऊन जातं. दिवसभर विकणाऱ्याच्या खुर्चीत बसत असल्यामुळे, घेणाऱ्याच्या खुर्चीत बसली की समोरच्याच्या पोटातलं तिला ओठांवर यायच्या आधी कळतं.

घासाघीस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तावातावाने हातवारे करणारी बाई येते. वहिनी तशी मुळीच नाही. ती हळू बोलते, पहिला आकडा कधी स्वतः उच्चारत नाही, आणि समोरच्याला नागवून फुशारक्या मारणाऱ्या माणसाचा तिला मनस्वी राग आहे. "त्याचंही घर चालायला हवं आणि आपलंही," एवढंच तिचं म्हणणं. ह्याला ती रास्त भाव म्हणते. एकदा मी पुस्तकांसाठी कपाट करून घेत होतो. सुताराने भाव सांगितला, मी खुशीत मान डोलावली, आणि तेवढ्यात वहिनी म्हणाली, "अहो मिस्त्री, तुम्ही पॉलिशची मजुरी धरलीच नाहीत." मिस्त्रीने ती धरली. पैसे माझे गेले. मी वहिनीशी अबोला धरला, तोही तिच्या लक्षात आला नाही.

तिची एक सवय मात्र आख्ख्या घराला पाठ होती. भाव जुळेना, की ती पर्स खांद्याला लावायची आणि उठायची. बाकीचे लोक उठतात ते दुकानदाराने परत बोलवावं म्हणून; दारापर्यंत मुंगीच्या पावलांनी जातात, कान मागेच ठेवून. वहिनी उठली की उठली. दुकानदार हाका मारत रस्त्यापर्यंत आला तरी ती परत फिरायची नाही. "उठणं म्हणजे शब्द देणं," ती म्हणायची. "आज पुन्हा बसले, तर उद्या माझ्या उठण्याला विचारणार कोण?" तेव्हा तिचा हात पर्सला लागला की आम्ही असू तिथून निमूटपणे उठायचं, मागे न बघता दार गाठायचं आणि चेहऱ्यावर हळहळ दिसू द्यायची नाही, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा डॉक्टर छाती तपासत असताना दादा उठून दाराशी गेला होता. वहिनीने फक्त रुमाल काढला होता.

आता चिमीबद्दल सांगायला हवं, कारण गाडी तिला हवी होती. चिमी आमची धाकटी बहीण. उंचीला बेताची, म्हणून लहानपणी चिमी म्हणायला लागलो आणि आता ती केसांना रंग लावते तरी चिमीच आहे. एका रुग्णसंस्थेतर्फे ती घरोघर जाऊन लोकांना व्यायाम देते. अर्धांगाने हात आखडलेले, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले, असे लोक. तेही शहरापासून लांबच्या वस्त्यांमधले, जिथे बस जात नाही आणि रिक्षावाला नाव ऐकूनच मान हलवतो. तिच्या जुन्या गाडीने एके दिवशी चढावर अंग टाकलं. गॅरेजवाल्याने आत डोकं घातलं, बाहेर काढलं, आणि कुणी दगावल्यावर बोलतात तशा आवाजात सांगितलं, की हिच्यावर आता खर्च करू नका. चिमी भाड्याच्या गाडीने फिरू लागली, पण त्यात तिचा पगार स्वाहा व्हायला लागला. मग संस्थेने स्पष्ट कळवलं: एक तारखेपासून स्वतःची गाडी नसेल तर ह्या वस्त्या दुसऱ्या कुणाला तरी द्याव्या लागतील. दुसरं कुणी नव्हतंच. म्हणजे वस्त्या बंद आणि चिमीचं कामही बंद, एवढाच त्याचा अर्थ.

आणि नेमका त्याच वर्षी गाड्यांचा दुष्काळ पडला होता. कारखान्यात म्हणे कसलासा बारीक भाग येत नव्हता, त्यामुळे गाड्या बनत नव्हत्या. एरवी दारात पाऊल टाकलं की थंड पाणी घेऊन धावणारे शोरूमवाले आता मान वर करून बघतही नव्हते. पूर्वी ह्याच लोकांनी आम्हाला सणसणीत सूट, वर छत्री आणि चावीची साखळी देऊन गाड्या विकल्या होत्या. आता सूट हा शब्द काढला तर आपण काहीतरी अश्लील बोलल्यासारखं बघायचे. एकाने तर चिमीला सांगितलं, "मॅडम, नंबर लावा, पण कधी मिळेल ते विचारू नका." माल कमी झाला की माणूस कसा ताठतो, हे मी त्या दिवसांत पाहिलं आणि माझं डोकं अजूनही तापतं.

वहिनीचं डोकं तापलं नाही. तिने चिमीला समोर बसवून विचारलं, "तुला गाडीत काय लागतं ते सांग. काय आवडतं ते नको." चिमी म्हणाली, "मागे वॉकर मावला पाहिजे आणि माझे पाय पॅडलला पुरले पाहिजेत." "रंग?" "कुठलाही." वहिनी म्हणाली, "मग मिळेल." त्या दिवसापासून मशीनवर बसल्या बसल्या ती एकेका शोरूमला फोन करू लागली. गाडी आहे का, असं ती विचारायचीच नाही. ती विचारायची, "कुणी बुकिंग करून सोडलेली, नको झालेली गाडी आहे का तुमच्याकडे?" बहुतेकांनी फोन ठेवला. शेवटी एका ठिकाणचा पोरसवदा सेल्समन बोलून गेला, की एक आहे, पण रंग पाहून आधीच्या गिऱ्हाइकाच्या बायकोने ती नाकारली. "शेवाळी आहे, मॅडम," तो म्हणाला. "तशी वाईट नाही. पण शेवाळी आहे."

शनिवारी सकाळी वहिनी आणि चिमीने जाऊन यायचं ठरलं. इथे आमच्या घराण्याने माती खाल्ली. वहिनी आजवर फ्रिज, गाद्या, पंखे ह्यांवर लढली होती, पण गाडीवर पहिल्यांदाच लढणार होती, आणि तीही टंचाईच्या दिवसांत. हे बघायला मिळावं म्हणून दादाने रजा काढली. माझी बायको म्हणाली, मीही येते, शिकायला मिळेल. माझ्या पुतणीला कॉलेज बुडवायला निमित्तच हवं होतं. आई गुडघ्यांमुळे एरवी गॅलरीपर्यंत जात नाही, ती सकाळीच नवीन चपला घालून तयार. "माझी सून काय करते ते मलाही बघू दे एकदा," ती म्हणाली. वहिनीने आमची वरात बघितली, कपाळाला हात लावला आणि एकच सूचना दिली: "कुणी तोंड उघडायचं नाही. गाडीला हात लावायचा नाही. मागे बसायचं." आम्ही शाळेतल्यासारख्या माना हलवल्या.

शोरूम भलं मोठं होतं आणि जवळपास रिकामं. गाड्यांच्या जागी कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. मधोमध ती एकटी शेवाळी गाडी, टायरला काळं चकचकीत पॉलिश लावलेली. रंग खरंच विचित्र होता. हिरवा म्हणावा तर तपकिरी, तपकिरी म्हणावा तर हिरवा. चिमीने आत बसून सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढली, पॅडलवर पाय ठेवले, मागचं दार उघडून टेपने जागा मोजली आणि वहिनीकडे बघून डोळ्यांनी हो म्हणाली. वहिनी टेबलाशी बसली. समोर तोच पोरसवदा सेल्समन; टाय इतका घट्ट की बिचाऱ्याचा आवाज बारीक झाला होता. आम्ही मागच्या सोफ्यावर ओळीने.

वहिनी म्हणाली, "गाडीच्या छापील किमतीवर मी बोलणार नाही. गाड्या नाहीत, मला कळतं. पण त्याखाली हे जे लिहिलंय ते मला समजावून सांगा." खाली लिहिलं होतं ते शोरूमचं पॅकेज: सीटची कव्हरं, पायपुसणी, रंगाला लावायचा कसलासा लेप, आतला सुगंध, आणि काचेवरच्या पट्ट्या. सगळं सक्तीचं. बेरीज चांगलीच फुगलेली. टायवाला म्हणाला, "हे सगळ्यांनाच घ्यावं लागतं, मॅडम." "हो का? मग सांगा, हा लेप किती दिवस टिकतो?" "एक वर्ष." "पुढच्या वर्षी तुम्ही फुकट लावून द्याल?" "नाही." "कव्हरं कुठल्या कापडाची?" त्याने नमुना दिला. वहिनीने तो अंगठ्याने ताणला, उलटा केला आणि शिवण त्याच्यापुढे धरली. टायवाल्याने नमुना परत घेतला, खिशात घातला आणि तो मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये गेला.

अशा त्याच्या खेपा सुरू झाल्या. एका खेपेला लेप गेला. पुढच्या खेपेला पट्ट्या गेल्या. आई माझ्या कानात म्हणाली, "बघ, बघ." दादाची छाती फुगलेली. माझी पुतणी तोंडावर हात दाबून बसली होती. शेवटी उरली कव्हरं, पायपुसणी आणि सुगंध. वहिनी म्हणाली, "एवढंही काढा, म्हणजे भाव रास्त होईल." टायवाला केबिनकडे वळला. तेवढ्यात हातात हेल्मेट घेतलेला एक मध्यमवयीन माणूस आत आला, गाडीभोवती फिरला आणि बॉनेटवर थाप मारून मोठ्याने म्हणाला, "ही मिळेल का हो? आज? मी लगेच पैसे भरतो." चिमीचा चेहरा पडला.

वहिनी शांत होती. समोरच्या कागदावरची बारीक अक्षरं तिला दिसेनात. चष्मा काढायला तिने पर्सला हात घातला.

दादा उठला. इतक्या वर्षांच्या संसाराची ती सवय. त्यात विचाराचा भाग नव्हता. दादा उठला म्हणून मी उठलो, माझी बायको उठली, पुतणी उठली. आई तर आमच्या आधी दाराकडे निघालेली. चेहऱ्यावर हळहळ दिसू द्यायची नाही, ह्या नियमाने सगळे दगडासारखे चेहरे करून चालत होतो. दार मी उघडून धरलं. नवीन चपलांनी आईचा पाय दाराबाहेरच्या उतारावर सरकला आणि ती "अगं बाई!" म्हणून ओरडली. वहिनी खुर्ची सोडून धावली आणि तिने आईला दंडाला धरून सावरलं.

तेव्हाच केबिनचं दार उघडलं. मॅनेजर आणि टायवाला बाहेर आले, त्यांनी आमची दाराबाहेर पडणारी मिरवणूक बघितली, आणि हेल्मेटवाला सरळ येऊन वहिनीच्या रिकाम्या खुर्चीत बसला. "ते निघाले वाटतं," तो म्हणाला. "मला पॅकेजसकट चालेल. वर थोडं जास्तही देईन."

चिमी गाडीजवळ एकटीच उभी होती. तिने गाडीचं उघडं मागचं दार हळूच लावून घेतलं. ते बघून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ह्या पोरीचं काम, तिची ती लांबच्या वस्त्यांमधली माणसं, आणि आम्ही तमाशा बघायला आलेल्या शहाण्यांनी ते असं घालवलं.

"अगं, तू चष्मा काढत होतीस?" दादाने विचारलं. चष्मा वहिनीच्या हातातच होता. तिने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन करायची माझी हिंमत नाही. मग तिने आईचा हात माझ्या हातात दिला आणि ती परत आत गेली. आम्हीही गुपचूप तिच्या मागोमाग गेलो.

आजवर उठल्यावर वहिनी परत फिरलेली आम्ही कुणी पाहिली नव्हती. पर्स खांद्यावर घेऊन ती त्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. बसायला खुर्ची नव्हती.

"साहेब," ती मॅनेजरला म्हणाली, "आम्ही उठलो, ती आमच्या माणसांची चूक. आमच्या घरात ही एक खोड आहे, ती सांगत बसत नाही. मी परत आले आहे. ही माझी नणंद. जिथे बस जात नाही तिथल्या आजारी माणसांकडे ती जाते. एक तारखेला गाडी नसेल तर तिचं काम जाईल. हे मी आधी सांगितलं नव्हतं, कारण गरज कळली की भाव वाढतो. आता सांगितलं. तुमचं सगळं पॅकेज मी घेते, लेपासकट. छापील किमतीला घेते. त्याच्यावर मात्र काही देणार नाही, कारण ते रास्त नाही, आणि तुम्हालाही ते ठाऊक आहे."

मॅनेजर टेबलावर बोटं वाजवत उभा राहिला. जास्त देणारा माणूस समोर बसलेला होता.

वहिनी त्या माणसाकडे वळली. मला वाटलं आता भांडण होणार. ती म्हणाली, "भाऊ, तुम्हाला गाडी कधीपर्यंत हवी होती?"

"तशी घाई नाही," तो म्हणाला. "पण हल्ली मिळतच नाहीत ना. मिळतेय तर घेऊन टाकू म्हटलं."

"कुठला रंग बघत होता?"

"पांढरा. पण आता रंग काय बघायचा?"

"बरोबर आहे. घरी विचारलंत?"

तो थबकला. "नाही, सरळ इकडेच आलो."

"मग एक फोन करा," वहिनी म्हणाली. "घरी दाखवल्याशिवाय एवढी मोठी वस्तू घेऊ नये. आम्ही थांबतो."

हे तिने इतक्या आपुलकीने सांगितलं की त्याने खरंच फोन लावला. "अगं, गाडी मिळतेय, आज! ... हो, हो. ... रंग? हिरवी आहे. ... नाही, तशी हिरवी नाही. काळपट. ... म्हणजे तळ्याच्या कडेला असतं ना, तसं काहीसं..." पुढचं बोलणं पलीकडून झालं आणि ते फोन कानाला न लावता आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. माणूस उठला, हेल्मेट उचललं आणि मॅनेजरला म्हणाला, "पांढरी आली की कळवा." जाताना वहिनीला म्हणाला, "बरं झालं विचारलं." आणि ते त्याला मनापासून वाटत होतं.

दादाने तिथल्या तिथे टाळी वाजवली असती. मी त्याचा हात धरला.

वहिनी त्या खुर्चीत परत बसली. टायवाला कागद पुढे करताना तिच्याकडे झुकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मघाशी मी केबिनमधून बाहेर येत होतो तेव्हा साहेबांनी पॅकेज सगळं माफ केलं होतं. तेच सांगायला येत होतो. तुम्ही आता नुसतं म्हणालात तरी..." दादाने ते ऐकलं. मीही ऐकलं. माझी बायको तर मागून बोललीच, "वहिनी, म्हणा ना!" गिऱ्हाईक निघून गेलं होतं, शोरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं आणि शेवाळी गाडी कुणालाच नको होती. एक शब्द, आणि पॅकेज गेलं असतं.

वहिनीने पेन उचललं. "आत्ता सगळ्यांसमोर म्हणाले ना, पॅकेजसकट घेते? मग घेते," ती म्हणाली, आणि चिमीला सही करायला बोलावलं.

घरी आल्यावर सगळेच बोलले. दादा म्हणाला, "एवढ्या वर्षांचं नाव घालवलंस." आई म्हणाली, "पायपुसण्यांना एवढे पैसे? त्यात आख्ख्या घराची पायपुसणी आली असती." चिमी म्हणाली, "गाडी मिळाली ना? मग झालं तर," पण तिचं कुणी ऐकलं नाही. त्यानंतर आमच्याकडे कुणी काही महाग आणलं की "पॅकेजसकट आणलं का?" असं विचारायची पद्धतच पडली. मी धरून सगळ्यांनी हसून घेतलं. वहिनीही हसायची. पण भाव करायला चल म्हटलं तर आता ती म्हणायची, "भाऊजी, ह्या वेळी तुम्हीच जाऊन या, माझं काम पडलंय." हे तिचं नेहमीचं बोलणं नव्हे, हे मला कळत होतं. एकदा मशीनशी बसली असताना तिने दोरा तोडला आणि एकदम म्हणाली, "शब्द माझा होता हो, पण पैसे चिमीचे गेले. माझा शब्द पाळायला मी तिचा खिसा वापरला. हे रास्त झालं का?" तिने ते पैसे चिमीला देऊ केले होते आणि चिमीने ते उडवून लावले होते. मी चहा करून आणला, तो गोड झाला, तेवढं तिने बोलून दाखवलं.

एक तारखेला चिमी कामावर गेली. तिच्या वस्त्या तिच्याकडेच राहिल्या. पुढे कधीतरी एका रविवारी तिला लांबच्या वस्तीत फेरी मारायची होती आणि वॉकर उचलायला माणूस हवा होता, म्हणून तिने मला बरोबर घेतलं, मग वहिनीलाही ओढलं, म्हणाली, "चल गं, कधी बसलीसच नाहीस गाडीत." गाडीत तो सुगंध अजून दरवळत होता. एवढा सक्तीचा सुगंध निदान टिकाऊ तरी होता.

शेवटचं घर एका म्हाताऱ्या भाजीवालीचं होतं. एक खोली, दारापाशी स्टोव्ह, खिडकीत उन्हाला ठेवलेली उशी. जन्मभर हातगाडीवर भाजी विकलेली बाई; अर्धांगाने उजवी बाजू गेलेली. तोंड मात्र सहीसलामत होतं. चिमीने तिला भिंतीला धरून उभं केलं, चालवलं, हात वर करायला लावला, आणि प्रत्येक वेळी म्हातारी "मारतेस का मला?" म्हणून ओरडत पुन्हा तेच करत होती. सगळं झाल्यावर चिमीने तिला दाराशी खुर्चीत बसवलं. म्हातारीने बाहेरच्या गाडीकडे बघितलं.

"ही तुझी? भाजी दोन दिवस पडून राहिली की असा रंग येतो," ती म्हणाली. मग वहिनीला विचारलं, "केवढ्याला पडली गं?"

घरी हा प्रश्न निघाला की वहिनी विषय बदलायची. इथे तिने आकडा सांगितला. पॅकेजसकट, काही न लपवता. वर म्हणाली, "जास्त गेले, आजी. माझ्यामुळे गेले."

म्हातारीने तो आकडा ऐकला. धंद्यातली बाई, लगेच हो-नाही म्हणाली नाही. तिने उजवा हात मांडीवर घेतला, आखडलेली मूठ कष्टाने उघडली आणि एकेक बोट वाकवत मोजायला लागली: चिमी आठवड्यातून किती वेळा येते, आणखी कुणाकुणाच्या घरी जाते, कोण उठून बसलं, कोण दारापर्यंत चालत आलं. एक बोट अर्ध्यातच अडलं. ते तिने डाव्या हाताने वाकवलं आणि पुढचं मोजलं.

"स्वस्तात दिली की त्याने," ती म्हणाली.

वहिनीने चिमीला विचारलं, "ही बोटं आधी वाकत नव्हती?"

"मूठच उघडत नव्हती," चिमी म्हणाली.

वहिनी त्या बोटांकडे बघत राहिली. पदराने डोळे पुसत ती तिथेच दाराच्या पायरीवर बसली. भावाच्या बाबतीत वहिनीला गप्प करणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.